थांबायची तालीम

आमच्या घरात कुणी दोन घटका गप्प बसलं की आई त्याच्या कपाळाला हात लावून बघायची, ताप तर नाही आला म्हणून. एवढा गलका असायचा त्या दोन खोल्यांत. पहाटे आबा क्लॅरनेटची पत्ती तोंडात ओली करत अंगणात बसायचे आणि एकच सूर इतका वेळ धरायचे की शेजारणीचं दूध उतू गेलं तरी दोष आबांवर यायचा. पिठाच्या डब्यावर ढोल, डबा हवा असेल तर आधी ढोल उतरवा. फळीवर पितळी ताटं आणि ट्रंपेट एकाच रांगेत, दोन्ही एकाच राखेनं घासायचे. एकदा कोपऱ्यातल्या मोठ्या भोंग्यात मांजरीनं पिलं घातली, तर तो वाजवणाऱ्या रशीद चाचांनी डोळे उघडेपर्यंत पिलांना हलवू दिलं नाही. ऐन लग्नसराईत दुसऱ्या बँडवाल्याकडून भोंगा मागून आणला. आणि या सगळ्यावरून आईचा आवाज. तिच्यापुढं चौदा माणसांचा बँड म्हणजे काहीच नव्हे.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांना अर्धं शहर मास्तर म्हणायचं, शाळेतले नव्हे, बँडचे. बँडचं नाव न्यू सरगम. जुनी सरगम कधी नव्हतीच. पाटी रंगवणाऱ्यानं सांगितलं की न्यू लिहिलं की गिऱ्हाईक येतं, म्हणून न्यू. आता शहराचंही नाव नवं झालंय. माझ्या शाळेच्या दाखल्यावर एक आहे, आधार कार्डावर दुसरं, आणि रिक्षावाला मला विचारतो, "मावशी, कुटं जायचं?" तेव्हा मी नुसतं "घरी" म्हणते.

आम्ही मातंग. आजोबा गावाकडं हलगी वाजवायचे. वाजवायचे म्हणजे बोलावलं की वाजवायची, विचारायची पद्धत नव्हती. बैल मिरवायचा असो की कुणाच्या घरी बारसं असो, हाक आली की पळायचं. एक दिवस हाक आली आणि आजोबा गेले नाहीत. ते हलगी पोत्यात घालून बायकोपोरांसकट शहरात आले. आबांनी मग छावणीतल्या एका म्हाताऱ्या बँडवाल्याचे पाय दाबून दाबून क्लॅरनेट शिकून घेतला. आता बोलवायला माणसं घरी यायची, चहा प्यायची आणि सुपारी देऊन जायची. याचा आबांना लई अभिमान. आई मात्र तिखट. लग्नात बँडवाल्यांची पंगत सगळ्यांत शेवटी, मांडवाच्या मागं, उष्ट्या पत्रावळ्या पडलेल्या तिथं बसायची. "वाजवताना म्होरं आन जेवताना मागं," ती म्हणायची. आबा येताना धोतराच्या सोग्यात बुंदी बांधून आणायचे. ती बुंदी आई आम्हाला खाऊ द्यायची, स्वतः कधी खायची नाही. ती आपली जवारीची भाकर आणि येसराची आमटी घेऊन बसायची.

माझी थोरली बहीण शोभाताई. तिला पैठण रोडनं आत गेलं की लागणाऱ्या एका गावात दिली. गावाचं नाव लिहीत नाही. ताई अजून तिथंच आहे आणि तिची सून वाचणारी आहे, फोनवर मला झाडून काढील. लग्न नवऱ्याकडंच होतं. आबांनी वर्षभर सांगून ठेवलं होतं, माझ्या पोरीच्या लग्नाला मी असा वाजवीन की गाव म्हणंल, मास्तरची पोरगी आली. आमच्या भागात लग्नाआधी नवरदेवाला घोडीवर बसवून मारुतीच्या दर्शनाला नेतात. त्याला परण्या म्हणतात, आणि परण्यात बँड नसला तर तो परण्या कसला? लग्न लागल्यावर नवरा-नवरी जोडीनं त्याच वाटेनं परत पाया पडायला जातात, तेव्हाही बँड लागतोच.

परण्या मांगवाड्यातून निघाला. आबा सगळ्यांत पुढं, गाल फुगलेले, लाल वर्दीची सोनेरी झालर उन्हात चमकतेय. गावाची वेस आली आणि वेशीत चार-पाच माणसं हाताची घडी घालून उभी. मधोमध सरपंच. ओरडले नाहीत, शिवी दिली नाही. शांतपणे म्हणाले, "मास्तर, इथून मारुतीच्या पारापर्यंत वाजवायचं नाय. नवरदेवाला उतरवा खाली. रीत हाय." वेस ते पार म्हणजे केवढा रस्ता, तर माझ्या पावलांनी दोनशे दहा. त्याच रस्त्यावरून गावातल्या इतरांचे परण्ये घोडीवरून जात आणि तिथं वाजवायला मांगवाड्यातलीच माणसं असत, ढोल फुटेस्तोवर. फक्त घोडीवर आपलं पोर असलं की वाजा बंद. आबांनी आजूबाजूला पाहिलं. पोरीचं लग्न, दोनशे पाव्हणे, आणि ताईला त्याच गावात जन्म काढायचा होता. त्यांनी क्लॅरनेट काखेत घातला. किसन भाऊजी घोडीवरून उतरले आणि बाजाराला निघाल्यासारखे चालत गेले. लग्नानंतर ताईसुद्धा तशीच गेली, मुकाट्यानं, पायाकडं बघत. मी तिच्या मागं होते. मला तिच्या जोडव्यांचा आवाज ऐकू येत होता, इतकं सगळं गप्प होतं.

दिवाळीला ताई माहेरी आली. न्हाऊन झालं, करंज्या खाऊन झाल्या, आणि ती आबांच्या पुढ्यात बसली. "आबा, माझं गेलं ते गेलं. पन उन्हाळ्यात बबनचं लगीन हाय." बबन म्हणजे तिचा धाकटा दीर, तिच्या लई लाडाचा. "त्याचा परण्या त्याच वाटंनं जानार. त्या वाटंला वाजलं पायजे. तुमी कायबी करा." आबा म्हणाले, "व्हय." एवढंच. ताई म्हणाली, "नुसतं व्हय नका म्हनू." आबा परत म्हणाले, "व्हय."

आता मला लोक विचारतात, विशेषतः माझ्या नातीच्या मैत्रिणी, की तुम्ही तक्रार का नाही केली, कायदा होता की. होता ना बायांनो. केलीही असती. पण पोलिसांची जीप धूळ उडवत गेली की मागं ताईला त्याच विहिरीवर, त्याच बायांत घागर घेऊन जायचं होतं. आबांना असं काहीतरी हवं होतं ज्यावर कुणाला बोटच ठेवता येणार नाही. ते काय, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. दोन महिने ते दाढी करताकरता थांबायचे आणि आरशात बघत बसायचे.

आणि मग आमच्या दारात त्याच सरपंचाचा माणूस येऊन उभा राहिला. सरपंचाच्या मुलाचं लग्न, मुलगा शहरात शिकलेला, त्याला शहरातला बँड पाहिजे, आणि शहरात नाव न्यू सरगमचं. आबांनी त्याला पाट दिला, चहा दिला आणि सुपारी घेतली. बबनच्या लग्नाच्या बरोबर तीन आठवडे आधीची तारीख.

माणूस वळला तशी आईनं हातातली परात आपटली. "लाज वाटती का काय? पोरीला मुक्यानं चालवली त्या वाटंनं त्याच्या पोराला वाजवत नेता?" आबांनी सुपारीचे पैसे मोजून डब्यात ठेवले. मग आई त्यांच्याशी बोलायचीच थांबली, आणि आमच्या घरात ते भयंकर होतं. त्या दिवसापासून ती माझ्यामार्फतच बोलायला लागली. आबा समोर बसलेले, भाकरी वाढणार ती, आणि मला म्हणणार, "सांग तुझ्या बापाला, कोरड्यास आळणी झालंय, मीठ घ्या म्हनावं." मी सांगायचे. आबा म्हणायचे, "सांग तुझ्या आईला, घेतलं." अशानं माझा घास गार व्हायचा.

त्यातच साइड ड्रम वाजवणाऱ्याला कावीळ झाली. सगळ्या चाली मला पाठ होत्या. मी आईचे डबे बडवतच मोठी झाले होते. आबा डोकं खाजवायला लागले, पोरगी वर्दीत कशी घालायची? रशीद चाचा विडी विझवत म्हणाले, "टोपी के नीचे लडका क्या, लडकी क्या, मास्तर? हात देखो उसका. तुमसे अच्छा चलताय." पंधराव्या वर्षी मी न्यू सरगमची चौदावी गडी झाले. वर्दी इतकी मोठी की बाह्या तीनदा दुमडल्या.

तालीम मकबऱ्यामागच्या माळावर. पहिल्याच दिवशी आबांनी जमिनीवर चुन्यानं एक रेघ ओढली आणि म्हणाले, "रेघेपर्यंत दणकून वाजवायचं. रेघेवर पाय पडला की बंद. सूर अर्धा आसंल तर अर्धाच तोडायचा. मग दोनशे दहा पावलं नुसतं चालायचं." सगळे एकमेकांकडं बघायला लागले. वाजवणाऱ्याला वाजव म्हणणं सोपं आहे हो, मधेच थांब म्हणणं म्हणजे शिंक आलेल्याला थांब म्हणणं आहे. ढोलवाला दत्तू दर वेळी रेघ ओलांडून एक धम्म जास्तीचा हाणायचा आणि जीभ चावायचा. चाचा वैतागले. "चालीस साल बजाना सीखा, मास्तर, अब बुढापे में नै बजाना सिखारें?" आबा म्हणाले, "हौ." आणि मग त्यांनी सांगितलं कशासाठी ते. चाचांनी भोंगा खाली ठेवला आणि असे हसले की त्यांना ठसका लागला. "फिरसे," ते म्हणाले. "सब लाइन में, फिरसे."

तीन आठवडे आम्ही रोज थांबायची तालीम केली. एका संध्याकाळी आई माझा डबा द्यायला माळावर आली. तिनं पाहिलं, चौदा माणसं दणक्यात वाजवत येतात, रेघेवर एकदम गप होतात आणि तोंड वर करून चालत सुटतात. तिला कुणीच काही सांगितलं नाही. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, मग पदर तोंडाला लावून हसली. रात्री जेवताना आबांना थेट म्हणाली, "मीठ घेता का जरा?" मी तेव्हा कितीतरी दिवसांनी गरम भाकरी खाल्ली.

सरपंचाकडचा थाट काय सांगू! वेशीबाहेरच्या त्यांच्या मळ्यात मांडव, झुंबरं, हौदभर सरबत. नवरदेव चांगला उंचापुरा, घोडीवर आखडून बसलेला, मुंडावळ्या सारख्या नाकात जात होत्या. घोडी भाड्याची, लग्नातच जन्म गेलेली. ढोलाच्या ठेक्यावर पाय उचलायची. पुढं पोरं नाचतायत, मामेमंडळी फेटे सावरतायत, आणि आबा असे वाजवत होते की मला माझेच आबा नवीन वाटले. रस्त्याच्या कडेला बायांत ताई दिसली. तिचा चेहरा पांढराफटक. तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं बाप विकला गेला.

वेस आली. आबांचा पाय आत पडला आणि आम्ही थांबलो. दत्तूचा एक जास्तीचा धम्म तेवढा झाला.

मग जे ऐकू आलं ते मी विसरणार नाही. गावात पिठाची गिरणी चालू आहे हे तेव्हा कळलं. नाचणाऱ्या पोरांचे हात वरच राहिले. आम्ही ठरल्याप्रमाणं चालायला लागलो, पण घोडी हललीच नाही. ठेका नाही तर पाय कशावर उचलायचा? तिनं मान फिरवून दत्तूकडं पाहिलं, आणि मग वेशीतच, नवरदेवाला वर घेऊन, निवांत लीद टाकली. बाया तोंडात पदर कोंबायला लागल्या.

सरपंच धावत पुढं आले. "काय झालं? वाजवा की! पत्ती तुटली काय?"

"पत्ती शाबूत हाय, सरपंच," आबा म्हणाले. "वेस आली."

"मग?"

"वेशीच्या आत वाजवायचं नाय. मागच्या साली तुमीच हितं उभं राहून सांगितलं."

"आरं ते तुमच्या लग्नाला!"

"आसंल. पन आमी अडाणी मानसं, दोन-दोन रिती ध्यानात ऱ्हात नाईत. वाजा त्योच, मानसं तीच, वाट तीच. एकच रीत पाठ केलीया."

सरपंचाच्या पुतण्यानं आबांची कॉलर धरली. झालर टर्रकन फाटली. माझ्या हातातल्या काठ्या घामानं निसटायला लागल्या. खोटं कशाला सांगू, मला मुतायला आली होती. रशीद चाचा भोंग्यासकट मधे शिरले. "हाथ निकालो बेटा. दुल्हे का भाई है तू, अच्छा नै दिखता." पुतण्या हात काढेना. मागून भटजी ओरडले, मुहूर्त चाललाय. पाव्हणे कुजबुजायला लागले आणि जो नवा यायचा त्याला आधीचा पहिल्यापासून सगळं सांगायचा. म्हणजे मांगवाड्याच्या नवरदेवाला कसं उतरवलं होतं, ते अख्ख्या वऱ्हाडाला कळलं.

आणि घोडीवरून आवाज आला. "अप्पा, मी उतरून चालत जाऊ का?" सरपंचांनी वर पाहिलं. नवरदेव मुंडावळ्या बाजूला करत होता. "किसन गेला तसा जातो. गावच्या शाळेत तो माझ्याच वर्गात होता. जमंल मला." त्यानं खरंच एक पाय रिकिबीतून काढला.

मुलाचा पाय बघून सरपंचाचा चेहरा असा उतरला की मला, खरं सांगते, वाईट वाटलं. "नगं," ते म्हणाले. "बस वर. मास्तर, वाजवा."

"आन बबनच्या लग्नाला?"

"वाजवा तवाबी."

"जरा जोरात बोला. ढोलवाला बहिरा हाय."

दत्तू चांगला ऐकू येणारा माणूस, पण त्यानं लगेच कानाला हात लावला. सरपंच अख्ख्या गावासमोर ओरडले, "समद्यांच्या लग्नाला वाजवा म्हनलं ना! माझ्या बापाचं काय जातंय!" पुतण्याचा हात सुटला. आबांनी फाटकी झालर खांद्यावर टाकली आणि सुरुवात केली. घोडीनं पाय उचलला. ताई कुठं गेली म्हणून मी बघत होते, तर ती भिंतीकडं तोंड करून हुंदके देत होती, आणि शेजारची बाई तिची पाठ चोळत होती.

पण शब्द दिला म्हणजे पाळला असं थोडंच असतं? ते तीन आठवडे आबांना धड झोप नव्हती. बबनच्या लग्नादिवशी मी टोपी घातलीच नाही. आईनं वेणीला रिबीन बांधून दिली आणि म्हणाली, बघू दे लोकाला. परण्या निघाला. बबन घोडीवर, ताई-भाऊजी मागं बायामाणसांत. वेस दिसायला लागली तशी मी मान उंच करून पुढं बघायला लागले. हाताची घडी घालून कुणी उभं आहे का? जवळ गेलो. कुणी नव्हतं. काही दारं लावलेली, काही उघडी, सरपंचाच्या घराची खिडकी अर्धवट. आबांचा पाय वेशीच्या आत पडला.

आणि आम्ही थांबलो.

चौदाच्या चौदा. एका ठेक्यावर, कापून टाकल्यासारखे. माळावर तीन आठवड्यांत इतकं स्वच्छ कधी जमलं नव्हतं. दत्तूचासुद्धा धम्म आला नाही. आबांनी चमकून समोर पाहिलं, डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. रस्त्यावर एक कोंबडी होती. "मास्तर, कौन रोका?" रशीद चाचांनी हळूच विचारलं. आबा म्हणाले, "कुनी नाय." परत म्हणाले, "कुनीच नाय की." चाचांना हसू आलं, मग दत्तूला, मग मला, आणि आम्ही सगळे त्या वेशीत उभे राहून खो खो हसत होतो. आबाही हसत होते. हसता हसता ते वेशीच्या दगडावर बसले आणि ढसाढसा रडायला लागले. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं.

ताई बायांतून पुढं आली. "आबा, उठा. आता कुनी अडवलंय?" त्यांचे ओठ थरथरत होते, ओठ थरथरले की क्लॅरनेट वाजत नाही. ताईनं ते पाहिलं. मग ती मागं वळली, गर्दीतून किसन भाऊजींचं मनगट धरलं आणि त्यांना ओढत वेशीच्या बाहेर घेऊन गेली. भाऊजी लाजून लाल. तिनं डोक्यावरचा पदर नवरीसारखा पुढं ओढला आणि घोडीकडं बघून म्हणाली, "बबन भाऊजी, जरा कड घ्या. आधी आमचं राहिलंय."

बबननं घोडी बाजूला घेतली. आबांनी बाहीनं नाक पुसलं, पत्ती ओली केली, माझ्याकडं बघून मान हलवली, आणि मी ठेका दिला. ताई निघाली. मान वर, एकेक पाऊल मोजून. मधेच थांबायची, बापाकडं बघायची, परत निघायची. पारापर्यंत पोचायला तिनं इतका वेळ लावला की बबनचा मुहूर्त टळला, आणि त्यावरून तो तिला अजून बोलतो.